हवेचा हिशेब आणि पुतण्याचा टर्बो

न्यू जर्सीत गाडीतून उतरून स्वतःच्या हातानं पेट्रोल भरायला कायद्यानं बंदी आहे, १९४९ पासून. अमेरिकेत अशी सरसकट बंदी असलेलं आता हे एकच राज्य उरलंय. पिस्कॅटवेच्या स्टेल्टन रोडवरच्या पंपावर पुतण्यानं काच खाली केली आणि बसल्या जागेवरून पंपावरच्या माणसाला 'नाइन्टी-थ्री, फुल' म्हणून सांगितलं, तेव्हा मला क्षणभर पुण्याच्या कर्वे रस्त्यावरच असल्यासारखं वाटलं. हा ९३ म्हणजे पेट्रोलचा ऑक्टेन. अमेरिकेत तो मोजायची रीत वेगळी आहे. आपल्याकडच्या मापानं तो साधारण ९८ भरतो.

एवढं महाग पेट्रोल पिणारी ही गाडी म्हणजे २०१५ची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय. पाच दरवाजे, मागे सामानाला जागा, दिसायला घरगुती. पण इंजिन २१० अश्वशक्तीचं. अशा गाड्यांना 'हॉट हॅच' म्हणतात आणि या जातीचं नाव घराघरांत नेणारी पहिली जीटीआय जर्मनीत १९७६ साली आली. आपल्याकडे हा शौक जरा उशिरा पोचला. चाकणला बनलेली १०५ अश्वशक्तीची पोलो जीटी टीएसआय किंवा २०१५ साली रांजणगावात बनलेली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुन्टो ज्यांनी चालवली आहे, ते आजही तिच्याविषयी बोलताना हळवे होतात.

"काका, टर्बो बदलू का?" पुतण्यानं विचारलं.

प्रश्न हवेतला नव्हता. जीटीआयची थोरली बहीण म्हणजे गोल्फ आर. इंजिनाचं घराणं तेच, २९२ अश्वशक्ती. दोघींचे टर्बो आयएचआय या जपानी कंपनीचे: जीटीआयचा आयएस-२०, आरचा आयएस-३८. थोरलीचा टर्बो धाकटीला जवळपास जसाच्या तसा बसतो. त्यामुळे हौशी मंडळींमध्ये ही अदलाबदल फार लोकप्रिय आहे.

टर्बो म्हणजे लोहाराचा भाता. फक्त तो ओढायला माणूस लागत नाही. भट्टीतून निघणारा धूरच त्याला फिरवतो. सायलेन्सरकडे निघालेल्या ९०० अंशांच्या वायूत इंधनाची बरीच ऊर्जा वाया जात असते. त्या वाटेत एक पंखा ठेवायचा. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा, तो बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जळतं, म्हणून ताकद जास्त. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यानं १९०५ साली याचं पेटंट घेतलं. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस यानं विमानाचं लिबर्टी इंजिन पाइक्स पीक या डोंगरावर १४,००० फुटांपर्यंत चढवलं आणि विरळ हवेत गेलेली ताकद टर्बोनं परत मिळते हे दाखवलं. पिस्कॅटवेपासून उत्तरेला पाऊण-एक तासावरच्या पॅटरसनमध्ये राइट एरोनॉटिकल कंपनी होती. बी-२९ बॉम्बर विमानाची १८ सिलिंडरांची इंजिनं तिच्या आराखड्याची, आणि प्रत्येक इंजिनामागे दोन टर्बो. म्हणजे एका विमानाला आठ. पुतण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मला एकच हवाय."

मग कागद-पेन घेतलं. इंजिनाची ताकद समजून घ्यायची तर पेट्रोल विसरून हवेचा हिशेब करावा. १,९८४ सीसीचं इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेतं तेव्हा प्रत्येक सिलिंडर ३,००० वेळा हवा ओढतो. एकूण जवळपास ६,००० लिटर. साध्या दाबाला या हवेचं वजन सुमारे सात किलो. मिनिटाला एक किलो हवेमागे ढोबळमानानं बावीस अश्वशक्ती मिळते, म्हणजे टर्बोविना दीडशेच्या आसपास. आता हीच हवा वातावरणाच्या २.२ पट दाबानं भरली आणि ४० अंशांपर्यंत थंड करून दिली, तर ती चौदा किलोंच्या वर भरते आणि आकडा तीनशेवर जातो. गोल्फ आरची ताकद आली ती इथून.

हवा अडली की सगळं अडलं. याचा सुंदर पुरावा पिस्कॅटवेतच रटगर्स विद्यापीठाच्या बुश कॅम्पसवरच्या इंजिनीअरिंगच्या मुलांना विचारावा. फॉर्म्युला एसएई या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातून यावी असा नियम आहे. एवढ्याशा भोकात हवेचा वेग आवाजाच्या वेगाला टेकला की पुढे कितीही ओढा, मिनिटाला साडेचार किलोंच्या वर हवा येतच नाही. मोठ्यात मोठा टर्बो लावला तरी ताकद शंभर अश्वशक्तीच्या आसपास थांबते. पुतण्याच्या गाडीत असं भोक नाही, पण अडणारी जागा कुठली हे त्याला तरी कुठे ठाऊक होतं?

टर्बोचा खरा स्वभाव कळतो तो त्याच्या नकाशावरून. आडव्या रेषेवर हवेचं वजन, उभ्यावर दाब, आणि मधे डोंगराच्या नकाशासारखी कार्यक्षमतेची वर्तुळं. मधल्या वर्तुळात पंखा हवा नीट दाबतो. उजवीकडे सरकलं की नुसता फिरतो आणि हवा तापवतो. सायकलला हवा भरताना पंपाचं तोंड तापतं, तोच प्रकार. बाहेरची ३० अंशांची हवा २.२ पट दाबली तर ७५ टक्के कार्यक्षमतेचा टर्बो तिला १३० अंशांच्या पुढे नेतो. तोच दमून ६० टक्क्यांवर आला की हवा १६० अंशांच्या घरात. गरम हवा विरळ असते, आणि गरम हवेत ठिणगीची ज्वाला पोचण्याआधीच उरलेलं पेट्रोल स्वतःच पेटतं. याला नॉकिंग म्हणतात. ते टाळायला कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो, आणि ताकद तिथेच गळते. म्हणून छोटा टर्बो ताणत राहण्यापेक्षा मोठा बरा, असा हौशी मंडळींचा युक्तिवाद असतो. तो चुकीचा नाही.

अर्धा मात्र आहे. नकाशाच्या डाव्या बाजूला सर्ज रेषा असते. मोठ्या टर्बोला कमी फेऱ्यांवर पुरेशी हवा वाहती मिळाली नाही की हवा उलटी फिरते आणि फडफडल्यासारखा आवाज येतो. आणि जडत्वाचं काय? सारख्याच आकाराच्या पंख्याचा व्यास दहा टक्के वाढवला की त्याचं जडत्व वाढतं साठ टक्के, कारण ते व्यासाच्या पाचव्या घाताप्रमाणे चढतं. हे पंखे मिनिटाला दीड लाख फेऱ्यांच्या वर जातात. ५५ मिलिमीटरच्या पंख्याचं टोक तेव्हा सेकंदाला ४३० मीटर, म्हणजे आवाजापेक्षाही वेगानं धावत असतं. त्याला तिथवर पोचवायला लागणारा वेळ म्हणजे टर्बो लॅग. आपल्या भाषेत, गाडी लगेच उचलत नाही. जीटीआय ३५० न्यूटन-मीटर टॉर्क १,५०० फेऱ्यांवरच देते. गोल्फ आर ३८० देते, पण १,८०० वर. ही तफावत कारखान्यातल्या नेमस्त जुळणीची, म्हणजे ट्यूनिंगची. वाढीव जुळणीत ती रुंदावते.

"तू रोज कुठे चालवतोस?" मी विचारलं. पिस्कॅटवे ते पार्सिपनी, रूट २८७ नं. सहाव्या गिअरमध्ये दोन-अडीच हजार फेरे, समोर ट्रक. म्हणजे मोठा टर्बो जिथे जागा होतो तिथे ही गाडी महिन्यातून चारदा जाणार, आणि जिथे तो पेंगतो तिथे रोज. वर्षातून दोनदा तो मिलव्हिलच्या न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्कवर जातो, एवढाच अपवाद. जवळच्या इंग्लिशटाउनच्या रेसवे पार्कची पाव मैलाची ड्रॅग रेसिंग २०१८ च्या सुरुवातीलाच बंद झाली. तिथे जाणाऱ्यासाठी मी वेगळं उत्तर दिलं असतं.

टर्बोच्या मागोमाग येणारी यादीही असतेच. वाढीव टॉर्कनं मूळचा क्लच घसरू लागतो, पेट्रोलचा उच्च दाबाचा पंप अपुरा पडू लागतो, टर्बोला ताजं तेल वेळेवर लागतं. खंडाळा चढून आलेला जुना ट्रकवाला इंजिन लगेच बंद करत नाही, मिनिटभर चालू ठेवतो. तापलेल्या बेअरिंगमध्ये थांबलेलं तेल करपतं, हे तो न शिकताच ओळखून असतो.

कायदाही आहे. प्रदूषणरोधक यंत्रणेशी छेडछाड करणं अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात बेकायदेशीर आहे. न्यू जर्सीत दर दोन वर्षांनी तपासणीत डॅशबोर्डखालच्या सॉकेटला तार जोडतात. 'चेक इंजिन' दिवा पेटलेला असेल तर गाडी नापास. वॉरंटीचं १९७५ सालचं अमेरिकी संरक्षण असं की बाहेरचा भाग लावला एवढ्यावरून कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही, पण बिघाड त्या भागामुळेच झाला असं दाखवता आलं तर नाकारते. मोठ्या टर्बोवर इंजिन गेलं, तर हे दाखवणं काही अवघड जाणार नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम यापेक्षा कडक आहे, हे वाचणाऱ्या हौशी तरुणांनी ध्यानात ठेवावं.

शेवटी त्यानं मिलव्हिलला घेतलेली गाडीच्या कॉम्प्युटरची नोंद उघडली. बघायच्या गोष्टी तीन होत्या. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब यांत फरक पडतोय का? जादा वायू बाजूनं सोडणारं वेस्टगेटचं दार पूर्ण बंद होऊनही दाब ढळतोय का? आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान काय? पहिल्या दोन्हींत टर्बोला अजून दम होता. तिसऱ्यात पहिल्या फेरीपेक्षा चौथ्या फेरीला हवा बरीच तापली होती, आणि त्याबरोबर ठिणगी मागे सरकत गेली होती. म्हणजे अडलं होतं ते हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरपाशी. टर्बो बिचारा आपलं काम करत होता.

मोठा इंटरकूलर त्यानं हिवाळ्यानंतर बसवायचं ठरवलंय. टर्बो मूळचाच आहे. गेल्या शनिवारी गॅरेजमध्ये त्यानं चार स्पार्क प्लग बदलले.