रॅप, शाहिरी आणि भाषांची सीमा : धर्मेश परमार यांच्या वाटचालीच्या निमित्ताने

रॅपचा विचार करताना 'ही आजची शाहिरी' असे म्हणण्याचा मोह मराठी अभ्यासकाला सहज होतो. हे समीकरण कोठपर्यंत टिकते, हे मुंबईच्या पहिल्या फळीतील रॅपगायक धर्मेश परमार यांच्या वाटचालीच्या आधारे प्रस्तुत लेखात तपासावयाचे आहे.

रॅपची पूर्वपीठिका प्रथम ध्यानात घ्यावी लागते. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात 11 ऑगस्ट 1973 रोजी झालेला डीजे कूल हर्क यांचा कार्यक्रम हिप-हॉपचा आरंभ मानला जातो. दोन तबकड्यांच्या साहाय्याने गाण्यातील तालाचा तुकडा लांबवीत नेणे आणि त्यावर बोलणे, हे या प्रकाराचे मूळ होय. पुढे 1979 मध्ये कर्टिस ब्लो यांच्याशी मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपनीने करार केला. त्यांनी इतर गायकांच्या मुद्रिकांची निर्मितीही केली. येथे 'निर्माता' म्हणजे पैसा पुरविणारा नव्हे, तर तालाचा व नादाचा पट रचणारा. रॅपमध्ये कर्तृत्व असे दोघांत विभागलेले असते.

परमार 'एमसी तोडफोड' या नावाने मुंबईतील 'स्वदेशी' या समूहात गात. त्यांच्या रॅपची मुख्य भाषा गुजराती, तर त्यांचे सहकारी एमसी मवाली हे मराठी व हिंदीत गाणारे. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या उपक्रमातून या तरुणांचा कर्नाटक संगीतातील कोनक्कोल या बोलपद्धतीशी परिचय झाला. 'गली बॉय' (2019) या चित्रपटातील 'इंडिया 91' हे गीत त्याच धाटणीचे असून त्यात परमार यांची गुजराती आणि अमरावतीच्या सौरभ अभ्यंकर यांची मराठी एकाच तालचक्रात येतात. परमार यांचा 'ट्रूथ अँड बेस' हा गीतसंग्रह मार्च 2022 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच महिन्याच्या 20 तारखेला, वयाच्या अवघ्या 24 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

शाहिरीशी असलेले साम्य उघड आहे. शाहीर कवनाच्या अखेरीस आपली नाममुद्रा घालतो, रॅपगायकही स्वतःचे नाव गीतात गुंफतो. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जबाबाला रॅपमधील शब्दद्वंद्व समांतर आहे. भेद मात्र अधिक बोलका आहे. पोवाड्यात डफ शाहिराच्या श्वासाबरोबर चालतो, कथनासाठी थांबतोही. मुद्रित रॅपमध्ये ताल बहुधा आधीच ठरलेला असतो आणि शब्दाला त्याच्याशी झुंजावे लागते. शिवाय शाहिराला झीलकऱ्यांची साथ असते. हा लेख अहिवाऱ्यात लिहिताना याच दुर्ग जिल्ह्यातील गनियारीच्या तीजनबाईंची पंडवानी आठवते. तेथेही 'रागी' हुंकार देऊन कथा पुढे नेतो. रॅपमध्ये ही जागा काही अंशी समूहाने भरून काढलेली दिसते.

'स्वदेशी'चे 'द वारली रिव्होल्ट' (2019) हे गीत या दृष्टीने महत्त्वाचे आहे. आरेच्या जंगलातील आदिवासींचा प्रश्न मांडणाऱ्या या गीतात वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरच्या रात्री आरेतील वृक्षतोड सुरू झाली आणि 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबविण्यास सांगितले. 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांनी उभारलेल्या लाल बावटा कलापथकाशी या गीताचे नाते आशयात आहे. रूपात मात्र ते वेगळ्या परंपरेतून आलेले आहे.

मग परमार यांची नोंद कोणत्या वाङ्मयेतिहासात व्हावी? मुंबईत गुजरातीत गाणारा हा कवी मराठीच्या इतिहासात बसत नाही आणि छापील पुस्तक नसल्याने गुजरातीच्या इतिहासातूनही निसटण्याचा संभव आहे. 'आजची शाहिरी' हे लेबल लावले, तर त्यांच्या गुजरातीपणाचाच लोप होतो. एका भाषेला एक साहित्य ही आपली मोजपट्टी येथे अपुरी पडते. भाषेऐवजी मंच हे अभ्यासाचे एकक मानले, तरच एका तालावर शेजारी उभ्या राहिलेल्या या भाषा एकत्र वाचता येतील. त्यासाठी अशा गीतांच्या संहिता त्या त्या भाषेत लिहून, तालाच्या नोंदींसह जतन करणे हे तौलनिक साहित्याभ्यासाचे निकडीचे काम आहे. 24 व्या वर्षी थांबलेला आवाज स्वतःची संहिता सिद्ध करून ठेवण्यास परत येत नसतो.