तीन खोल्यांची शाळा

बंगळूर शहरातील मल्लेश्वरम ही वसाहत एका साथीतून जन्मास आली. जेथील काडू मल्लेश्वराचे देऊळ शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी बांधले असे सांगतात, तोच हा भाग. १८९८ साली शहरात प्लेग शिरला. दाट वस्तीतील लोकांना मोकळी हवा मिळावी म्हणून म्हैसूर सरकारने येथे रुंद, सरळ रस्ते आखून दिले. प्लेगनिवारणाच्या कामात सुसूत्रता यावी म्हणून त्याच सुमारास शहरात टेलिफोनच्या ताराही टाकण्यात आल्या. रस्ते आणि तारा, दोन्ही सरकारी खर्चाने झाले.

२०२० साली दुसरी साथ आली. शाळा बंद पडल्या आणि वर्ग फोनवर भरू लागला. या वेळी मात्र शाळेपर्यंतची वाट ज्याची त्याने विकत घ्यावयाची होती. मल्लेश्वरमच्या सुखवस्तू घरांत ते निभावले. मोलमजुरी करणाऱ्यांच्या घरी फोन असला तर बहुधा एकच, आणि तो सकाळी बापाबरोबर कामावर जाई. खेड्यांची स्थिती याहून बिकट. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातील ग्रामीण भागात शेकडा पंधरा कुटुंबांपाशीच इंटरनेटची सोय होती. शहरांत हे प्रमाण शेकडा बेचाळीस होते.

वास्तविक कर्नाटकाला दुरून शिकविण्याचा प्रयोग नवा नव्हता. ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर एका अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचविले गेले. त्यांत विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर या जिल्ह्यांतील खेडीही होती. सकाळी मुलांसाठी, सायंकाळी मोठ्यांसाठी असा क्रम असे. संच साऱ्या गावाचा असल्यामुळे कोणाच्या घरी काय आहे हा प्रश्नच उद्भवत नसे. उणीव एवढीच, की वर्ष संपताच उपग्रह परत गेला.

ऑगस्ट २०२० मध्ये कर्नाटक सरकारने ‘विद्यागम’ ही योजना आरंभिली. तिची मांडणी मोठी प्रांजळ होती. शिक्षकांनी आपल्या मुलांना तीन काल्पनिक खोल्यांत बसवावयाचे: एकीत इंटरनेट असलेली, दुसरीत साधा फोन असलेली, तिसरीत काहीच नसलेली. ज्या सरकारी कागदात ‘काहीच नसलेली’ मुले वेगळी मोजली जातात, त्याचे मोल जाणत्यांना सांगावयास नको. या तिसऱ्या खोलीसाठी शिक्षक स्वतः वस्तीवर जात. देवळाच्या ओसरीवर नाही तर झाडाखाली मुले गोळा करून शिकवीत. न समजलेले तेथल्या तेथे विचारता येई, ही सोय पडद्यावरच्या पाठात क्वचितच मिळते.

परंतु माणसे जवळ आली की संसर्गही येणारच. शिक्षक व मुले आजारी पडल्याची वृत्ते येऊ लागली, आणि ऑक्टोबरमध्ये योजना थांबविण्यात आली. इतर दोन खोल्यांना निदान फोन तरी राहिला. तिसरीपाशी छापील पुस्तक तेवढे उरले. जानेवारी २०२१ पासून सहावी ते नववीची मुले ‘विद्यागम’साठी शाळेच्याच आवारात येऊ लागली. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळेची घंटा वाजली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये.