ऑस्करची पिल्लं काढायची? आधी हजार पिल्लांची सोय बघा

इंदूर : घरच्या फिश टँकमध्ये ऑस्करच्या जोडीने अंडी घातली की पाळणाऱ्याला कोण आनंद होतो. पण अंडी मिळणं हा यातला सोपा भाग. जोडी जमणं अवघड आणि पिल्लांचं पुढे काय करायचं हे त्याहून अवघड. मोठी जोडी एका वेळी हजारभर, कधी त्याहूनही जास्त अंडी घालते. इंदूरसारख्या तलावांच्या शहरात हा प्रश्न घरापुरता राहत नाही.

ऑस्कर हा दक्षिण अमेरिकेतला, सिक्लिड कुळातला मासा. हे कूळ मराठी माणसाला नवं नाही. उजनीची चिलापी आणि गोव्याच्या ताटातला काळुंदर याच कुळातले. अंडी-पिल्लांची राखण करणं हा या माशांचा गुण. चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते, तर ऑस्कर सपाट दगडावर अंडी घालतो आणि नर-मादी दोघंही पहारा देतात.

टँक आणि पाणी

पूर्ण वाढलेला ऑस्कर 30 सेंटिमीटरच्या आसपास जातो. जोडीसाठी 4 फूट लांब, 2 फूट रुंद आणि 2 फूट उंच टँक लागतो. त्यात सुमारे 450 लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसतं पाणीच साडेचार क्विंटल. स्टँड आणि जागा तेवढी भक्कम हवी. मासे आणण्याआधी महिनाभर फिल्टर चालवून टँक तयार करावा.

इंदूरला खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून नर्मदेचं पाणी येतं, तेही बऱ्याच भागांत एक दिवसाआड. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांना घातक असतं. त्यामुळे पाणी ड्रममध्ये भरून, एअर पंप लावून दिवसभर ठेवावं किंवा दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन वापरावं. ऑस्कर खादाड आणि घाण करणारा मासा आहे, म्हणून आठवड्याला पाव टँक पाणी बदलावंच लागतं. माळव्याच्या थंडीत हीटर लावून पाणी 26 ते 28 अंशांवर ठेवावं.

जोडी कशी जमते?

नर-मादी दिसायला सारखेच. त्यामुळे दुकानातून नुसत्या नजरेने निवडलेली ‘पेअर’ हा अंदाजच असतो. खात्रीचा मार्ग म्हणजे पाच-सहा लहान मासे एकत्र वाढवणं. वर्ष-दीड वर्षात त्यातले दोघं आपोआप जोडी धरतात. मग बाकीचे लगेच वेगळे काढावेत. जबरदस्तीने जमवलेल्या जोडीत मोठा मासा लहान्याला मारूनही टाकतो. भांडण दिसलं की मध्ये जाळीदार पडदा घालावा.

अंड्यापासून पिल्लापर्यंत

अंडी घालण्याआधी जोडी तोंडाने दगड साफ करते. पोटाखाली छोटी नळी दिसू लागते, मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. ताजी अंडी पांढुरकी असतात. फळलेली नंतर मधाच्या रंगाची आणि पारदर्शक होतात, तर पांढरीफटक राहून बुरशी धरतात ती मेलेली. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात आणि साधारण आठवड्याभरात पिल्लं पोहू लागतात. तेव्हापासून त्यांना ताजी फोडलेली आर्टेमिया दिवसातून तीन-चार वेळा द्यावी. पहिल्या वेळी आई-बाप अंडी खाऊन टाकतात, हे नेहमीचंच. पुढच्या खेपेला बहुतेक जोड्या शिकतात.

उरलेली पिल्लं कुठे?

वर्षभरात एकेक पिल्लू वीतभर होतं आणि दुकानदार मोजकीच घेतात. म्हणून आधी घेणारे ठरवावेत, मगच पिल्लं वाढवावीत. सोपा उपाय पहिल्याच दिवशी करता येतो. दगडावरचा अंड्यांचा छोटा तुकडा ठेवून बाकीची पुसून काढायची. फ्लॉवरहॉर्न, जॅग्वार अशा मोठ्या सिक्लिडच्या अंड्यांनाही हेच लागू.

‘मारण्यापेक्षा तलावात सोडू, पुण्य लागेल’ असं अनेकांना वाटतं. इंदूरचे सिरपूर तलाव आणि यशवंत सागर या दोन्ही पाणथळ जागा 2022 मध्ये रामसर यादीत आल्या. तिथे सोडलेला ऑस्कर इथल्या माशांची पिल्लं आणि अंडी खातो. अमेरिकेत फ्लोरिडाच्या कालव्यांत असाच तो कायमचा वस्तीला आला. चिलापीही 1952 मध्ये भारतात बाहेरून आणली गेली आणि आज ती गावोगावच्या तळ्यांत आहे. ती परत काढणं कुणालाच जमलेलं नाही.

मासा राज्याची हद्द पाळत नाही. यशवंत सागरचं पाणी गंभीर नदीतून शिप्रेत आणि पुढे चंबळेत जातं. बऱ्हाणपूरला तापीत सोडलेला मासा जळगावच्या हतनूर धरणात पोचू शकतो. ज्यांना पिल्लं नको झालीत त्यांनी ती दुकानात परत द्यावीत किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला फुकट द्यावीत, पण नदी-नाल्यात आणि विहिरीत सोडू नयेत.