फेनिटॉइन घेताय? ही लक्षणं ओळखा

फिट्सवरचं फेनिटॉइन १९३८पासून वापरात आहे. रक्तातली त्याची योग्य पातळी साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. यकृत हे औषध एका मर्यादेपर्यंतच निकामी करू शकतं. ती मर्यादा गाठली, की डोस ३०० वरून ४०० मिलिग्रॅम केला तरी पातळी दुप्पट होऊ शकते.

१९६८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये डोस तोच असूनही अनेक रुग्णांना विषबाधा झाली. कॅप्सूलमध्ये भर म्हणून असलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज आलं होतं. त्यामुळे औषध जास्त शोषलं गेलं. म्हणून ब्रँड परस्पर बदलू नका.

पातळी जास्त झाल्याची लक्षणं:
🔸 बाजूला बघताना बुबुळं थरथरणं
🔸 एकाचे दोन दिसणं
🔸 चालताना झोक जाणं
🔸 जीभ जड होणं, गुंगी, गोंधळ

टीबीचं आयसोनियाझिड किंवा बुरशीवरचं फ्लुकोनाझोल सुरू झालं तरी पातळी वाढते. नवीन औषध घेण्याआधी डॉक्टरांना फेनिटॉइनबद्दल जरूर सांगा.

लक्षणं दिसली तर लगेच डॉक्टरांना गाठा. रक्ततपासणीत पातळी कळते. जास्त गोळ्या गेल्या असतील तर थेट हॉस्पिटल गाठा, गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. पण मनाने औषध बंद करू नका. एकदम थांबवल्यास न थांबणारी फिट येऊ शकते.