घरातून व्यवसाय सुरू केला तर घरपट्टी किती वाढेल? हिशेब समजून घ्या



घरच्या पुढच्या खोलीत पार्लर, शिवणकाम किंवा क्लास सुरू करायचा म्हटलं की घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, "नगरपालिकेला कळलं तर सगळं घर कमर्शियल करतील!" या एका भीतीपायी कित्येक जण लायसन्स काढत नाहीत, बोर्ड लावत नाहीत. पण घरपट्टी ठरते कशी हे एकदा कळलं की ही भीती आकड्यात मोजता येते. आज तेच करू.

घरपट्टी म्हणा, मालमत्ता कर म्हणा, पुण्यात मिळकतकर म्हणतात. आपल्या राज्यात बऱ्याच महापालिका आणि नगरपालिका ती करयोग्य मूल्यावर काढतात. म्हणजे काय? तुमचं घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं येऊ शकेल, याचा पालिकेने धरलेला अंदाज. प्रत्यक्षात घर भाड्याने दिलेलं नसलं तरी हा अंदाज धरतातच. त्यासाठी विभागवार दर चौरस फूट किंवा चौरस मीटरचा मासिक दर ठरलेला असतो. बांधकाम कसं आहे आणि वापर कशासाठी आहे, त्यावर तो बदलतो. क्षेत्रफळ गुणिले दर गुणिले 12, त्यातून दुरुस्तीसाठी 10 टक्के वजा. उरलं ते करयोग्य मूल्य. त्यावर सामान्य कर, पाणीपट्टीचा भाग, सफाई, वृक्ष, शिक्षण असे वेगवेगळे कर टक्केवारीने लागतात.

आता उदाहरण घेऊ. दर मी हिशेबासाठी धरलेत, तुमच्या पालिकेचे वेगळे असणार.

घर 600 चौरस फूट, निवासी दर महिना 2 रुपये. 600 × 2 × 12 = 14,400. त्यातून 10 टक्के गेले, राहिले 12,960. सगळे कर मिळून 40 टक्के धरले तर घरपट्टी 5,184 रुपये.

आता तुम्ही पुढच्या 120 चौरस फुटांच्या खोलीत पार्लर सुरू केलं. त्या खोलीला बिगरनिवासी दर 6 रुपये धरू आणि कर एकूण 50 टक्के. उरलेल्या 480 फुटांचं करयोग्य मूल्य 10,368, त्यावर कर साधारण 4,147. पार्लरच्या खोलीचं 7,776, कर 3,888. एकूण 8,035 रुपये. म्हणजे वाढ वर्षाला 2,851, महिन्याला 240 रुपयांच्या आत. एवढे पैसे तर महिन्यात एक-दोन फेशियलमध्ये निघतात.

पण नीट बघा, हीच आकारणी चुकून संपूर्ण 600 फुटांवर बिगरनिवासी दराने झाली तर? 600 × 6 × 12 = 43,200, वजा 10 टक्के 38,880, त्याचे 50 टक्के 19,440 रुपये! धोका व्यवसाय दाखवण्यात नाही, मोजमापात आहे. म्हणून वापरातल्या बदलाचा अर्ज देताना व्यवसायाची खोली किती बाय किती, हे साध्या नकाशावर दाखवा आणि पोचपावती घ्या. कर निरीक्षक मोजायला येतील तेव्हा स्वतः हजर राहा.

बिल आल्यावर काय तपासायचं? निवासी आणि बिगरनिवासी क्षेत्र वेगळं दाखवलंय का. दुसरं, 'रोजगार हमी उपकर' नावाची ओळ शोधा. हा उपकर फक्त बिगरनिवासी भागावर लागतो. तुम्ही घरात फक्त राहताय आणि ही ओळ बिलात दिसतेय, तर तुमच्या घराचा वापर चुकीचा नोंदलाय असं समजा. शिक्षण कराचा दरही बिगरनिवासी भागाला निवासीच्या दुप्पट असतो, म्हणूनच वरच्या उदाहरणात मी 40 ऐवजी 50 टक्के धरले. कर वाढवण्याआधी विशेष नोटीस येते. त्यात हरकतीची मुदत दिलेली असते, ती चुकवू नका. मुदत गेली की सुनावणीसाठी फार धावाधाव करावी लागते. आणि महापालिकेत थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला 24. एवढं व्याज तर धंद्याच्या कर्जालाही सहसा नसतं.

ग्रामपंचायत हद्दीत पद्धत वेगळी. तिथे डिसेंबर 2015 च्या नियमांपासून भांडवली मूल्यावर कर आहे. जमिनीचा दर, बांधकामाचा दर, घराचं वय धरून घसारा आणि शेवटी वापराचा भारांक. निवासी 1, औद्योगिक 1.20, वाणिज्यिक 1.25. म्हणजे गावात दुकानाच्या खोलीचं मूल्य सव्वापट होतं, तिप्पट नाही. नमुना 8 चा उतारा काढा आणि वापराच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा.

मुंबईतही भांडवली मूल्यच आहे, पण तिथे 1 जानेवारी 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कर माफ आहे. ही माफी राहत्या घराला आहे, धंद्याच्या जागेला नाही. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला 40 टक्के सवलत मिळते, तीही राहण्यासाठीच. अशा ठिकाणी वाढीचा हिशेब करताना जाणारी सवलतही धरायची.

लपवून चालतं की, असं बरेच जण म्हणतात. माझं मत स्पष्ट आहे, वर्षाला तीन हजार वाचवायला पत्ता लपवणं महागात पडतं. जीएसटी नोंदणीत व्यवसायाच्या जागेचा पुरावा म्हणून घरपट्टीची पावती चालते. पावती सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं सहमतीपत्र जोडायचं. फक्त ही पावती मालकीचा पुरावा नाही, हे कर्ज काढताना लक्षात ठेवा.

भाड्याच्या घरात असाल तर वाढीव बिल मालकाच्या नावावर येणार. वाढ कोणी भरायची, हे करारातच लिहून घ्या.

आणि पुढे धंदा वाढला, गाळ्यात हलवलात, तर घरचा वापर पुन्हा निवासी करण्याचा अर्ज त्याच महिन्यात द्या. रिकाम्या खोलीचे फोटो आणि नव्या जागेचा करार सोबत जोडा. पालिका आपणहून तो दर कमी करायला येत नाही.