विश्लेषण : क्रोशाचे विणकाम शिकायला सोपे, मग मजुरी एवढी कमी का?

कापसाची शेवटची वेचणी झाली, तूर सोंगून झाली की यवतमाळ जिल्ह्यातील शेतांत बायकांच्या हाताला काम कमी होते. ते पुन्हा वाढते मृगाच्या पेरणीला. मधल्या तीन-चार महिन्यांत, उन्हामुळे दुपारी घराबाहेर पडणे मुश्कील असताना, अनेकींच्या फोनवर क्रोशाचे व्हिडीओ येऊ लागतात. दाराचे तोरण, ताटाभोवतीची महिरप, बाळाचे मोजे... आणि खाली एक ओळ : ‘घरबसल्या कमवा’. शिकणे खरेच सोपे आहे. कमावणे तेवढे सोपे का नाही?

क्रोशाचे विणकाम म्हणजे नेमके काय?

‘क्रोशे’ हा मूळचा फ्रेंच शब्द, अर्थ छोटा आकडा. टोकाला आकडा असलेली एकच सुई आणि दोरा. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर उघडे असतात. सुई निसटली तर ओळच्या ओळ सुटते. क्रोशात मात्र सुईवर एकच फास जिवंत असतो. तेवढा जरा लांब ओढून ठेवला की काम कधीही खाली ठेवता येते. कुकरची शिट्टी झाली, नळ आला, मूल रडले, तरी उठता येते आणि परत बसल्यावर त्याच टाक्यापासून पुढे जाता येते. घरातल्या बाईचा वेळ जसा तुकड्यातुकड्यांनी मिळतो, त्यात हे काम नेमके बसते. हा त्याचा मोठा गुण. मजुरीच्या बाबतीत तोच आड कसा येतो, ते पुढे पाहू.

आणखी एक गोष्ट. स्वेटर विणणारी यंत्रे आहेत, पण क्रोशाचा खरा टाका घालणारे यंत्र बाजारात नाही. यंत्रावर तशी दिसणारी जाळी निघते, तेवढेच. म्हणजे दुकानात खऱ्या क्रोशाचा कपडा अगदी स्वस्तात दिसला, तर तो कुणी तरी हातानेच केलेला असतो.

सुरुवात कशी करावी?

हौसेने पहिल्याच दिवशी काळा बारीक दोरा घेऊ नका. त्यात टाका दिसतच नाही. फिक्या रंगाची मध्यम जाड लोकर घ्यावी. आपल्याकडे लोकर म्हणून मिळते ते बहुतेकदा अ‍ॅक्रिलिक असते, शिकण्यासाठी ते चालते. तिच्यासोबत साडेतीन किंवा चार मिलिमीटरची सुई. उन्हाळ्यात घामाच्या हातात अ‍ॅक्रिलिक ओढून येते, म्हणून हात बसल्यावर सुती दोऱ्याकडे वळलेले बरे. दोऱ्याच्या आकड्यांचा हिशेब उलटा असतो. दहा नंबरचा दोरा जाड, चाळीस नंबरचा बारीक. लोखंडी बारीक सुयांचेही तसेच, नंबर मोठा तेवढी सुई बारीक.

टाके मोजके आहेत. सुरगाठ घालून फास सुईवर घ्यायचा, सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन तो फासातून ओढून काढला की एक साखळी झाली. मुका खांब घालताना सुई टाक्यात घालून दोरा बाहेर ओढायचा. सुईवर दोन फास दिसतील, नवा वेढा घेऊन तो दोन्हींतून एकदम काढायचा. खांबासाठी आधी सुईवर एक वेढा घ्यायचा, मग सुई टाक्यात. दोरा ओढल्यावर तीन फास होतात; ते दोन-दोन करून दोनदा सोडवायचे. मुक्या खांबाची उंची एका साखळीएवढी, खांबाची तीन साखळ्यांएवढी. तोरणे आणि महिरपी मुख्यतः साखळी आणि खांब यांच्याच जोरावर उभ्या असतात.

इंग्रजी व्हिडीओ पाहून शिकणाऱ्यांची एक फसगत ठरलेली. अमेरिकेत ज्याला ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात, त्यालाच ब्रिटनमध्ये ‘डबल क्रोशे’ म्हणतात. अमेरिकी ‘डबल’ म्हणजे ब्रिटिश ‘ट्रेबल’. व्हिडीओ कुठल्या देशातला हे न बघता नमुना घेतला तर वस्तू निम्मी किंवा दुप्पट होते. आपले ‘मुका खांब’ आणि ‘खांब’ हे शब्द या गोंधळातून मोकळे आहेत. म्हणून नमुना वहीत मराठीतच उतरवून घ्यावा. व्हिडीओचा वेग निम्मा करण्याची सोय फोनवर असते, ती वापरावी. डावखुऱ्या मुलींनी उजव्या हाताची नक्कल करत बसण्यापेक्षा समोर आरसा ठेवून त्यात व्हिडीओ पाहावा.

चौकोन त्रिकोणी का होतो?

हे सगळ्यांचे होते. ओळीच्या टोकाचा टाका गळतो म्हणून. समजा, १५ खांबांची पट्टी हवी आहे. त्यासाठी १७ साखळ्या घालून सुईपासून चौथ्या साखळीत खांब घालतात. सुटलेल्या तीन साखळ्या हाच पहिला खांब. पुढच्या ओळीतही सुरुवातीला तीन साखळ्या घालून काम उलटवतात आणि त्यांचा एक खांब धरतात. ओळ संपताना शेवटचा खांब आधीच्या ओळीतल्या त्या तीन साखळ्यांच्या डोक्यावर घालायचा असतो. ती जागा खांबासारखी दिसत नाही, म्हणून नवशिक्या हाताकडून सुटते. दर ओळीला एक खांब गेला की दहा ओळींत पट्टी निमुळती. उपाय एकच, पहिल्या आठवडाभर प्रत्येक ओळ मोजायची. चुकले तर दोरा ओढून उसवायचे. कापडाच्या शिवणीसारखे इथे काही वाया जात नाही.

गोल विणतानाचा हिशेब वेगळा आहे. खांबांचा सपाट गोल हवा तर पहिल्या फेरीत १२, दुसरीत २४, तिसरीत ३६, दर फेरीला बाराने वाढ. मुक्या खांबांचा गोल असेल तर ६, १२, १८. वाढ कमी पडली की वाटी होते, जास्त झाली की कडेला झालर उठते. टोपी करणारे ही वाटी मुद्दाम करतात. बाळाच्या डोक्याचा घेर ४२ सेंटिमीटर असेल तर गोल साधारण १३ सेंटिमीटर रुंद झाला की वाढवणे थांबवायचे आणि सरळ फेऱ्या घालायच्या. झालरीचाही एक मान आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिन्या या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली ठरावीक प्रमाणात टाके वाढवत असा झालरीचा पृष्ठभाग विणला. भूमितीतले जे रूप कागदावर दाखवणे जड जाते, ते विद्यार्थ्यांच्या हातात दिले. तेव्हा पहिला रुमाल झालरीसारखा झाला तर फार वाईट वाटून घेऊ नये.

यवतमाळचा कापूस आणि हा दोरा, काही संबंध?

आहे, पण लांबचा. कापूस जिनिंगमध्ये जातो, सरकी वेगळी होते, रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधून त्या सूतगिरण्यांकडे निघतात. क्रोशाच्या दोऱ्याला चमक आणि ताकद यावी म्हणून सूत ताणून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून काढतात. जॉन मर्सर या इंग्रज रसायनतज्ज्ञाच्या नावावरून त्याला मर्सरायझेशन म्हणतात. शहरालगत लोहाऱ्याला डेनिम कापड तयार होते. क्रोशाचा गुंडा मात्र वेष्टनात बांधून बाहेरूनच आपल्या दुकानात येतो.

मग मजुरी कमी का?

हातात पैसा नसलेल्या घरांनी क्रोशाचा आधार घेतल्याचे मोठे उदाहरण आयर्लंडचे. १८४५ पासून तिथे बटाट्याचे पीक रोगाने गेले, दुष्काळ पडला. ख्रिस्ती जोगिणींच्या मठांतून बायका-मुलींना क्रोशाची लेस शिकवली गेली आणि ती परदेशी विकून अनेक कुटुंबांनी ते दिवस काढले.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण आंध्र प्रदेशातील नरसापूरचे. पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या या भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ही कला आणली. तिथल्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ मध्ये ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’ या पुस्तकात जे मांडले, ते शिकणारीने आधीच माहीत करून घ्यावे असे आहे. बायका घरात बसून दिवसाचे तासन् तास विणत, माल व्यापाऱ्यांमार्फत परदेशी जाई आणि हातात पडे ती नगण्य रक्कम. कारण त्या कामगार नव्हेत, गृहिणी. आणि हे काम नव्हे, रिकाम्या वेळातला उद्योग, अशीच सगळ्यांची समजूत होती.

कुकर आणि नळाच्या मधल्या वेळात काम होते, त्यामुळे त्याचे तास कुणी मोजत नाही. विणणारी स्वतःही नाही.

मोजून पाहू. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा जाहीर दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तास धरले तर तासाला ३९ रुपये. समजा एका तोरणाला २० तास लागले आणि दोरा-मणी १५० रुपयांचे. रोजगार हमीच्या दरानेच धरले तरी मजुरी ७८० आणि सामान धरून ९३० रुपये. शेजारीण म्हणते, ‘चारशेला दे ना वं, घरीच तर बसून केलंस.’ चारशेतून सामान वजा जाता उरले २५०, म्हणजे तासाला साडेबारा रुपये. मुरूम खोदण्याच्या कामाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी.

म्हणून वहीत नमुन्याशेजारी वेळ लिहावा. फोनमधले स्टॉपवॉच उठताना थांबवायचे, बसताना सुरू करायचे. पहिल्या दोन-तीन वस्तूंना जास्तच वेळ लागतो, त्यावरून दर ठरवू नये. हात बसल्यावरचा वेळ धरावा. तरीही तोरणाचे ९३० रुपये मिळतीलच असे नाही. बाजार तेवढा मोठा नाही. पण लग्नसराईत रुखवतासाठी, बारशाला मोजे-टोपीसाठी सांगून करून घेणारे गिऱ्हाईक घासाघीस कमी करते, हा अनुभव आहे. बचत गटातल्या चौघींनी एकच दर ठरवला तर एकीने स्वस्तात देऊन दुसरीचा भाव पाडणेही थांबते. हौसेखातर किंवा लेकीच्या रुखवतासाठी विणत असाल तर हा हिशेब बाजूला ठेवा, खुशाल विणा.

‘घरबसल्या काम’च्या जाहिरातींचे काय?

‘सामान आम्ही पाठवू, तयार माल आम्हीच घेऊ, फक्त नोंदणीचे पैसे भरा’ असा मेसेज आला तर पैसे भरू नयेत. काम देणारा मजुरी देतो, मागत नाही. सामान आलेच, तरी तयार वस्तू ‘नापास’ ठरवून अनामत बुडवण्याची युक्ती जुनी आहे. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. शिकण्यासाठीही मोठी फी भरायची गरज नाही. जिल्ह्यातील ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत (आरसेटी) प्रशिक्षण मोफत असते; हस्तकलेचा वर्ग कधी आहे ते तिथे किंवा गटाच्या ‘उमेद’ कार्यकर्तीकडे विचारता येईल. नाही तर गल्लीत एखादी आजी असतेच, जिच्या टीव्हीवर अजून स्वतः विणलेला रुमाल आहे.