पिवळ्या रुमालाचा न्याय

फुटबॉल म्हटले की आपल्यापुढे पायाने खेळायचा गोल चेंडू येतो. अमेरिकेतला फुटबॉल मात्र बहुतांशी हाताने खेळतात, त्याचा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि खेळाडू शिरस्त्राण घालून युद्धाला निघाल्यासारखे मैदानात उतरतात. माझा एक मावसभाऊ नोकरीनिमित्त तिकडे असतो. मागच्या सुट्टीत तो बेळगावला आला तेव्हा त्याने मोबाईलवर मला एक सामना दाखवला. पहिला अर्धा तास मला काही म्हणजे काही कळले नाही. कळले ते एवढेच की थोड्या थोड्या वेळाने कुणीतरी पंच एक पिवळे फडके जमिनीवर फेकतो, आणि मग हजारो माणसे एकदम ओरडू लागतात.

"दादा, हा रुमाल कशाला टाकतोय?" मी विचारले.

"अरे, निम्मं भांडण त्या रुमालावरच तर असतं!" तो म्हणाला.

त्या रुमालाचा मी मग नादच घेतला. का घेतला, ते शेवटी सांगेन. आधी वाचकांना खेळाची तोंडओळख करून देतो.

मैदान शंभर यार्डांचे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. सरकले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्नाची सूत्रे एका माणसाच्या हाती असतात, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. तो चेंडू घेऊन मागे येतो, मोकळा साथीदार शोधतो आणि लांब फेकतो. फेकण्याआधीच त्याला लोळवावे म्हणून समोरचे सव्वाशे-दीडशे किलोचे गडी त्याच्यावर धावून येतात. कुणी नियम मोडला तर पंच पिवळा रुमाल टाकतो. फेकणाऱ्याला वाजवीपेक्षा जास्त जोराने किंवा मना केलेल्या पद्धतीने पाडले, तर पंधरा यार्डांची शिक्षा होते आणि वर समोरच्यांना चार नवे प्रयत्न मिळतात. अटीतटीच्या सामन्यात ही शिक्षा म्हणजे सामनाच हातातून जाण्यासारखे असते.

ही शिक्षा आली कुठून, त्याचा इतिहास उद्बोधक आहे. १९०५ च्या हंगामात तिकडे हा खेळ खेळताना किमान अठरा तरुण दगावले. तेव्हा खेळाडू एकमेकांच्या हातात हात गुंफून भिंतीसारखे चाल करीत आणि समोरच्याला तुडवीत. त्याच हंगामात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाईट हाऊसमध्ये बोलावून खेळ सुधारण्याची तंबी दिली. १९०६ साली नियम बदलले. चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली आणि दहा यार्डांची अटही तेव्हाच आली. उद्देश हा, की गर्दी फुटावी आणि खेळ मोकळा व्हावा.

खेळ मोकळा झाला खरा, पण त्यातून एक नवा दुबळा माणूस जन्माला आला. चेंडू फेकणाऱ्याची नजर दूरवर असते, हात वर असतो आणि बरगड्या उघड्या असतात. येणारा धक्का त्याला दिसतच नाही. तीच गत लांबचा चेंडू झेलायला उंच उडी घेणाऱ्याची. १२ ऑगस्ट १९७८ रोजी ओकलंड येथे एका सरावाच्या सामन्यात न्यू इंग्लंडचा डॅरिल स्टिंगले असाच चेंडूसाठी झेपावला आणि ओकलंडचा जॅक टेटम त्याच्यावर आदळला. स्टिंगले तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. त्याच्या मानेचा कणा मोडला आणि २००७ साली मृत्यू येईपर्यंत तो चाकाच्या खुर्चीतच राहिला. त्या धडकेवर कोणत्याही पंचाने रुमाल टाकला नाही, कारण त्या वेळच्या नियमांत ती धडक बसत होती. ज्या धडकेने माणूस जन्माचा अधू झाला, तिला शिक्षा शून्य यार्ड!

पुढे नियम वाढत गेले. मागून कॉलर धरून ओढण्यावर २००५ साली बंदी आली. २००८ च्या पहिल्याच सामन्यात नामांकित क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याचा गुडघा निकामी झाला, तेव्हा पुढच्या वर्षी जमिनीवर पडलेल्या बचावपटूने फेकणाऱ्याच्या पायांवर झेपावू नये असे स्पष्ट करण्यात आले. २०१८ साली डोके खाली घालून शिरस्त्राणाने धडक देण्यास मनाई झाली. लोंबकळत पकडून आपले वजन समोरच्याच्या पायांवर टाकणारी पकड २०२४ साली बंद केली, आणि ती तर खेळाडूंच्या संघटनेचा विरोध असताना!

सर्वांत जास्त वाद माजला तो अंगाच्या वजनाच्या नियमावरून. फेकणाऱ्याला पाडताना आपल्या अंगाचा पूर्ण भार त्याच्यावर टाकू नये, हा नियम जुनाच होता. २०१७ साली ग्रीन बेचा आरोन रॉजर्स असाच खाली दाबला जाऊन त्याचे खांद्याजवळचे हाड मोडले. त्यानंतर २०१८ पासून हा नियम कसोशीने पाळायचे ठरले. पण धावत सुटलेल्या गड्याने हवेत असताना आपले वजन कुठे ठेवायचे? १६ सप्टेंबर २०१८ रोजी ग्रीन बेचाच क्ले मॅथ्यूज याने मिनेसोटाच्या कर्क कझिन्सला पाडले आणि रुमाल पडला. त्याच फेकीवर ग्रीन बेने चेंडू झेलून सामना जवळजवळ खिशात घातला होता. शिक्षेमुळे तो झेल रद्द झाला आणि सामना २९-२९ असा बरोबरीत सुटला. पुढच्याच रविवारी मॅथ्यूजला वजनाच्या नियमाखाली पुन्हा शिक्षा झाली. त्याच दिवशी दुसऱ्या एका सामन्यात मायामीचा विल्यम हेज क्वार्टरबॅकवर आपला भार पडू नये म्हणून अंग चोरायला गेला आणि त्याच्याच गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. एकाला वाचवायला केलेल्या नियमाने दुसऱ्याचे हंगाम संपवले.

२०२२ च्या ऑक्टोबरात तर दोन दिवसांत दोन वाद झाले. ९ तारखेला अटलांटाचा ग्रेडी जॅरेट याने टॉम ब्रेडीला कमरेला धरून फिरवून खाली आणले. पाहणाऱ्या बहुतेकांना त्यात वावगे दिसले नाही. पण मुख्य पंचाचे म्हणणे पडले की ब्रेडीला विनाकारण आपटले. अखेरची तीन-एक मिनिटे उरली होती. चेंडू टॅम्पा बेकडेच राहिला आणि त्यांनी २१-१५ ने सामना जिंकला. दुसऱ्या रात्री कॅन्सस सिटीच्या ख्रिस जोन्सने डेरेक कारच्या हातातून चेंडू चक्क हिसकावून घेतला. चेंडू जोन्सच्या हातात असताना तो कारच्या अंगावर पडला, आणि शिक्षा झाली फेकणाऱ्याला दुखावल्याबद्दल! ज्याच्या हातात चेंडूच नाही तो फेकणारा कसा, असा प्रश्न लोकांना पडला. तरीही कॅन्सस सिटीने तो सामना ३०-२९ असा जिंकला, एवढेच.

माझा एक कन्नड मित्र हे ऐकून म्हणाला, "हे पंच आंधळे आहेत काय?" मलाही आधी तसेच वाटले होते. पण नियमपुस्तकातले एक कलम कळले आणि माझे मत बदलले. क्वार्टरबॅकवरील धडकेबाबत मनात शंका असेल तर पंचाने नेहमी शिक्षाच द्यावी, असे ते कलम सांगते. आपल्याकडे शंकेचा फायदा आरोपीला देतात. इथे तो मार खाणाऱ्याला दिला आहे. कारण उघड आहे. पंचाकडून दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. नको तिथे रुमाल टाकला तर पंधरा यार्ड जातात, फार तर सामना जातो. हवा तिथे टाकला नाही तर कुणाची मान जाते. मान पुढच्या रविवारी परत मिळवता येत नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी जमा-खर्चाचा विचार करतो, म्हणून म्हणतो: ज्या खात्यातले नुकसान भरून येत नाही, त्या खात्याकडे झुकणे यात आंधळेपणा नाही.

रुमाल न टाकल्याने काय होते तेही लोकांनी पाहिले आहे. २० जानेवारी २०१९ रोजी न्यू ऑर्लिन्स आणि लॉस एंजेलिस यांच्या उपान्त्य सामन्यात दोन मिनिटांहून कमी वेळ उरला असता, चेंडू पोहोचण्याआधीच झेलणाऱ्याला धडकून पाडले गेले. पंच गप्प राहिले. न्यू ऑर्लिन्स २३-२६ ने हरले. धडक देणाऱ्याला मागाहून दंड झाला तो शिरस्त्राणावर शिरस्त्राण आपटल्याबद्दल. लोक कोर्टात गेले, आणि लीगने असे निर्णय चित्रफितीवरून तपासण्याची सोय केली. ती एकच हंगाम टिकली, कारण चित्रफीत पाहूनही मतभेद मिटेनात. वेग कमी करून पाहिले की प्रत्येक धडक मुद्दाम दिलेली वाटते.

पण या रुमालाला एक मोठी मर्यादा आहे आणि तिच्याविषयी लोक कमी भांडतात. पिट्सबर्गचा माईक वेबस्टर २००२ साली पन्नासाव्या वर्षी वारला. शेवटची वर्षे त्याने भ्रमिष्टासारखी काढली होती. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा वारंवार बसलेल्या धक्क्यांनी होणारा मेंदूचा ऱ्हास त्यांना आढळला. २००५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. हा वेबस्टर क्वार्टरबॅक नव्हता. तो चेंडू मागे देऊन लगेच समोरच्या पहिलवानाशी टक्कर घेणारा मधल्या जागेवरचा गडी होता. त्याची प्रत्येक टक्कर नियमात बसत होती. तिच्यावर रुमाल पडण्याचे कारणच नव्हते. पुढे साडेचार हजारांहून अधिक माजी खेळाडूंनी लीगवर दावे लावले. २०१३ साली ७६.५ कोटी डॉलरची तडजोड ठरली, पण एवढ्या रकमेत भागेल की नाही अशी शंका न्यायाधीशांनी घेतल्यावर वरची मर्यादा काढून टाकावी लागली.

तेव्हा नियम नेमके कोणाला वाचवतात, असा प्रश्न विचारावासा वाटतो. मोठ्या क्वार्टरबॅकला वर्षाला पाच-सहा कोटी डॉलर मिळतात, आणि त्याच्यासाठीच लोक सामना पाहतात. महाग यंत्राचा विमा आधी उतरवतात, तसेच हे आहे. वेबस्टरसारख्यांच्या रोजच्या झिजेची नोंद मात्र किती तरी वर्षे कुठल्याच वहीत झाली नाही.

आता हा नाद मला का लागला, ते सांगतो.

गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन कबड्डीत मी आमच्या संघाचा कप्तान होतो. आमचा उत्तम चढाईपटू पकडीत सापडला आणि खाली येताना त्याचे डोके कुणाच्या तरी गुडघ्यावर आपटले. पकड नियमाला धरून होती, पंचांचे काही चुकले नाही. तो उठला, दोन पावले तिरपा गेला आणि त्याने मला गुण किती झाले ते विचारले. मी सांगितले. त्याने पुन्हा विचारले. सामना संपायला चार मिनिटे होती आणि आम्ही दोन गुणांनी मागे होतो. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "आडतियेनो?" तो म्हणाला, "हूं." तो खेळला. आम्ही जिंकलो. त्या रात्री वसतिगृहात त्याला तीन वेळा उलट्या झाल्या आणि पहाटे आम्ही त्याला दवाखान्यात नेले. तो बरा झाला. पण तीन आठवडे त्याला पुस्तक वाचवत नव्हते, आणि एक पेपर बुडाला.

२५ सप्टेंबर २०२२ रोजी मायामीचा क्वार्टरबॅक टुआ टॅगोवायलोआ असाच डोके आपटून उठला, लडखडला आणि पुन्हा खेळायला आला. पाठ दुखल्यामुळे तोल गेला असे सांगण्यात आले. चारच दिवसांनी दुसऱ्या सामन्यात त्याचे डोके पुन्हा आपटले, हाताची बोटे वाकडी ताठरली आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. ते दृश्य मी मोबाईलवर पाहिले आणि फोन बाजूला ठेवला. ८ ऑक्टोबरला नियम बदलला: डोक्याला मार लागल्यावर ज्याचा तोल जातो, तो त्या दिवशी परत खेळणार नाही. कारण कोणतेही सांगा.

या लीगमध्ये २०१३ पासून प्रत्येक सामन्याला मेंदूच्या दुखापती जाणणारा असा एक डॉक्टर हजर असतो जो कोणत्याही संघाच्या पगारावर नसतो. टुआच्या वेळीही तो होता. म्हणजे डॉक्टर असूनही चूक होते. मग आमच्याकडे, जिथे निर्णय कप्तान आणि जखमी गडी हे दोघेच घेतात, तिथे काय होणार? आम्हांला हिशेबतपासणीच्या पहिल्याच तासाला सर शिकवतात की ज्याचा धंद्यात हितसंबंध आहे त्याने त्याच धंद्याचे हिशेब तपासू नयेत. मी कप्तान होतो, मला सामना जिंकायचा होता. त्यालाही जिंकायचा होता. आमच्या दोघांच्या "हूं"ला काही किंमत नव्हती.

आमच्या जिमखान्याला मी लेखी विनंती केली आहे. मोठा खर्च नको, परदेशी डॉक्टर नको. सामन्याला संघाबाहेरचा एक प्राध्यापक किंवा प्रथमोपचार शिकलेला माणूस बसवावा. डोक्याला मार लागला, कुणी लडखडला किंवा तोच प्रश्न दोनदा विचारला, की त्याने त्या गड्याला बाहेर बसवावे. त्याच्या शब्दावर कप्तानाने वाद घालू नये. कधी तरी तो उगीचच बाहेर बसवील आणि आपण हरू, तेव्हा आपणही त्या अमेरिकन प्रेक्षकांसारखे ओरडू. ओरडावे. फक्त त्याने रुमाल टाकणे थांबवू नये.